२० वॉटच्या ट्यूब अँपसाठी, घरी आणि छोट्या कार्यक्रमांना चालेल असं गिटार कॅबिनेट कोणतं घ्यावं? (सोलापूर)

१२ इंची एकच स्पीकर असलेलं, मागून अर्धं उघडं कॅबिनेट घ्या. १० इंचीचा मोह होईल, पण त्यात खर्ज पातळ वाटतो. वॉटसोबत संवेदनशीलताही (तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते) बघा: ९७ऐवजी १०० डेसिबलचा स्पीकर म्हणजे अँपची ताकद दुप्पट केल्यासारखं. सेलेस्टियन व्हिंटेज ३० तसा आहे, ६० वॉट पेलतो.

अँपच्या मागे ८ ओहम (स्पीकरचा विद्युत रोध) लिहिलंय ना? मग कॅबिनेटही ८चंच. ट्यूब अँपला इथे तडजोड नको, आणि कॅबिनेट न जोडता तो कधीच वाजवू नका, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. केबल स्पीकरचीच हवी, गिटारची नव्हे.

घरी भिंतीपासून हातभर पुढे ठेवा. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या सभागृहात समोर माइक लागेलच, त्यासाठी मोठं घेऊ नका. रिक्षातून नेताना सोलापुरी चादरीत गुंडाळा, कोपरे शाबूत राहतात.