बेदाणा की मनुका?

प्रश्न असा आहे: बेदाणा आणि मनुका यांत नेमका फरक काय? पिवळा तो बेदाणा आणि काळी ती मनुका, हे बरोबर का?

रंगावर जाऊ नये, बी पाहावी. फारसीत 'दाना' म्हणजे दाणा, बी. आणि 'बे' तोच, जो बेकार, बेपर्वा यांत आहे. बेदाणा म्हणजे बिनबियांचा. बंगालीत 'बेदाना' म्हणजे चक्क डाळिंब! आपल्याकडे तेच विशेषण सुकवलेल्या द्राक्षाला चिकटलं आणि नाम होऊन बसलं.

मनुका ही हिंदीतल्या 'मुनक्का'च्या घरची. अरबीत 'मुनक्का' म्हणजे साफ केलेलं. युनानी वैद्यकात 'मवीज मुनक्का' म्हणजे बिया काढून घेतलेली मोठी मनुका. म्हणजे बेदाण्यात बी मुळातच नाही, मनुकेत ती होती म्हणून काढावी लागली. पुढे काढणं राहून गेलं आणि बीवाल्या मनुकेलाच ते नाव उरलं. हा उलटा प्रवास मला फार आवडतो.

आता थोडं वेलाकडे बघू. थॉम्पसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका या जातींत फळ धरतं, बीही धरू लागते. पण गर्भ लवकरच मरतो. मणी उभा चिरून पाहा, आत बीची मऊ, पांढुरकी खूण सापडेल. पेरायला बीच नाही, म्हणून हा वेल पिढ्यान्‌पिढ्या काडीवरच वाढत आला. आज आपल्याकडे डॉगरीज या दुसऱ्या द्राक्षजातीच्या खुंटावर त्याचं कलम करतात.

बेदाण्याचा हिरवट-पिवळा रंग येतो तो वाळवण्यातून: घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये, सावलीत, जाळीवर पसरतात. तेव्हा तासगाव-सांगलीकडे 'काळा बेदाणा' म्हणतात ते अगदी योग्य. तो होतो शरद सीडलेस या काळ्या द्राक्षाचा, आणि काळं असलं तरी ते बिनबियांचंच. दुकानदार या बेदाण्यालाच 'काळ्या मनुका' म्हणतो. तेही आता इतकं रुळलंय की चूक म्हणवत नाही. मात्र काढ्याच्या कृतीत 'बिया काढून' असं लिहिलं असेल, तर बीवाली मनुकाच आणावी.

लिंगाचंही विचारलं आहे: तो बेदाणा, ते बेदाणे, ती मनुका, त्या मनुका. बाजारात मात्र ढीगभर मालालाही एकवचनच: 'यंदा बेदाणा चांगला निघाला.'