सस्पेंडचं बटण आणि बॅगेत आपोआप जागा होणारा लॅपटॉप

तुझा प्रश्न असा की लिनक्सवर एक्सएफसीई डेस्कटॉप आहे, फंक्शन धरून एफ४ दाबलं की लॅपटॉप झोपतो, पण उठवला की लगेच परत झोपतो, आणि वसईवरून चर्चगेटला पोचेपर्यंत बॅगेत स्वतःच जागा होऊन तापलेला असतो. मित्रा, हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत. झोपवायचं काम सॉफ्टवेअर करतं, पण झोपलेल्या मशिनवर तुझा कुठलाच प्रोग्राम चालू नसतो, त्यामुळे उठवायची हॉटकी कीबोर्ड शॉर्टकटमध्ये सेट होतच नाही, तिथे शोधत बसू नको.

आधी डबल झोप. एकच बटण दोघं जण ऐकतायत म्हणून असं होतं. सिस्टमडीचा (लिनक्समधल्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) लॉगिन बघणारा भाग, लॉगाइनडी, सस्पेंडचं म्हणजे झोपवायचं बटण बाय डिफॉल्ट स्वतः हाताळतो, एक्सएफसीईचा पॉवर मॅनेजर पण हाताळू शकतो, आणि कोणीतरी जुनं ट्युटोरियल बघून एसीपीआयडी (बटण दाबलं की स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) टाकलेलं असलं तर त्याची स्क्रिप्ट तिसरी. टर्मिनलमध्ये सिस्टमडी-इनहिबिट कमांडला लिस्ट विचार, तिथे हँडल-सस्पेंड-की, म्हणजे या बटणाची जबाबदारी, कोणी धरलीय ते दिसेल. पॉवर मॅनेजरने धरली असेल तर लॉगाइनडी मधे पडत नाही, मग संशय सरळ एसीपीआयडीवर, त्याची स्लीपवाली स्क्रिप्ट काढून टाक. पॉवर मॅनेजरने धरलेली नसेल तर हे काम लॉगाइनडीकडेच ठेव आणि बाकीच्यांकडून काढून घे, मी तरी हेच सुचवेन कारण लॉगिन स्क्रीनवर असताना पण बटण चालतं. लॉगाइनडीच्या कॉन्फ फाइलमध्ये काही बदललंस तर रीबूट कर, चालू सेशनमध्ये ती सर्व्हिस रीस्टार्ट केलीस तर सगळ्या विंडो उडू शकतात.

आता बॅग. सकाळच्या गर्दीत बॅग पोटाशी धरून उभं राहिलं की चारी बाजूंनी दाब येतो, झाकण जरा हललं की सेन्सरला वाटतं उघडलं. प्रॉक फोल्डरमध्ये एसीपीआय (पॉवरची यंत्रणा) नावाच्या फोल्डरच्या आत वेकअप नावाची फाइल आहे, ती उघडून बघ, कोणकोणतं डिव्हाइस मशिनला उठवू शकतं त्याची यादी आहे, पुढे एनेबल्ड किंवा डिसेबल्ड. झाकण बहुतेक एलआयडी किंवा एलआयडी० नावाने असतं, यूएसबी एक्सएचसी नावाने. रूट (अ‍ॅडमिन) होऊन त्या फाइलमध्ये नुसतं नाव लिहिलं की ते बंद होतं, पण तेच नाव परत लिहिलं की पुन्हा चालू होतं, हे नीट लक्षात ठेव, म्हणजे स्क्रिप्ट दोनदा चालली की सगळं उलटं. रीबूटनंतर सेटिंग जातं, म्हणून सिस्टमडीची छोटी वनशॉट (बूट होताना एकदाच चालणारी) सर्व्हिस बनव, आणि तिच्यात आधी एनेबल्ड आहे का ते तपासूनच लिही. पॉवर बटणाच्या नोंदीला मात्र हात लावू नको, आता उठवायला तेच वापरायचंय.

एवढं करूनही बॅटरी उतरत असेल तर सिस फोल्डरच्या पॉवरमधली मेम-स्लीप फाइल वाच, चौकटी कंसात जे आहे ते चालू आहे. एस२आयडल (हलकी झोप) असेल आणि शेजारी डीप (गाढ झोप) दिसत असेल तर कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, बूट होताना मेम-स्लीप-डिफॉल्ट डीप हा पर्याय दे. बऱ्याच नव्या लॅपटॉपना डीप दिलेलंच नसतं, तिथे स्वॅप (डिस्कवरची राखीव जागा) रॅमएवढं ठेवून हायबरनेट (सगळं डिस्कवर साठवून मशिन पूर्ण बंद) लाव आणि ट्रेन पकडायच्या आधी तेच कर.