एअर इंडिया एक्सप्रेसचा क्रू एकदम आजारी का पडला होता?

मे २०२४ ची गोष्ट, २०० च्या वर केबिन क्रूने ऐनवेळी सिक लीव्ह टाकली आणि कोची, कन्नूरहून गल्फला निघालेली माणसं बॅगा घेऊन एअरपोर्टवरच अडकली, त्यांचे हाल झाले हे खरंच. पण खदखद जुनी होती हो, एआयएक्स कनेक्टबरोबर (म्हणजे आधीची एअरएशिया इंडिया) मर्जर चालू होतं, सगळ्यांना सारखी वागणूक मिळत नाही, सीनियर पोस्टचा इंटरव्ह्यू पास होऊनही खालची पोस्ट देतात अशा तक्रारी होत्या. मॅनेजमेंटने २५ जणांना काढलं, मग ९ मेला दिल्लीत लेबर कमिशनरपुढे क्रू आणि मॅनेजमेंट समोरासमोर बसले आणि त्याच दिवशी मिटलं, २५ जण परत कामावर. हेच बोलणं आधी व्हायला पाहिजे होतं असं मला मनापासून वाटतं.