वाचकांचे प्रश्न : कॅम्पसवरचा कट्टा बंद होतो तेव्हा

या वेळी सगळे प्रश्न एकाच विषयावरचे घेतलेत. विद्यापीठात मुलं जिथे कुणी न बोलावता जमतात त्या जागा, म्हणजे पायऱ्या, झाडाखालचा पार, जिन्याखालचा कोपरा, आणि त्या जागांबद्दल प्रशासन घेतं ते निर्णय. पत्रं बरीच लांब होती, इथे कापून दिलीत.

प्रश्न : आमच्या लायब्ररीसमोरच्या पायऱ्यांवर मुलं कायम बसायची. सुट्टीनंतर परत आलो तर पायऱ्यांच्या मधोमध रेलिंग, दोन्ही बाजूंना कुंड्या आणि 'इथे बसू नये' अशी पाटी. सिक्युरिटीला विचारलं तर म्हणतात मेन्टेनन्सला विचारा, मेन्टेनन्सवाले म्हणतात वरून आलंय. विचारायचं तरी कुणाला? आणि सरळ जाऊन बसलो तर? – शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी

वाईट वाटलं वाचून, कारण अशी पत्रं फार येतात आणि सगळ्यांत हीच टोलवाटोलवी असते. एक लक्षात घ्या, 'कट्टा बंद करा' असा ठराव सहसा कुठल्याच मीटिंगमध्ये होत नाही. फायर सेफ्टीच्या तपासणीत कुणीतरी लिहितं की दारासमोरची वाट मोकळी हवी, सिक्युरिटीवाले म्हणतात रात्री तिथे लक्ष ठेवता येत नाही, साफसफाईवाल्यांची कचऱ्याची तक्रार असते, कुणी मोठे पाहुणे यायचे असतात म्हणून कुंड्या येतात आणि पाहुणे गेल्यावर त्या तिथेच राहतात. प्रत्येकाचा निर्णय आपल्या जागी छोटासा आणि बऱ्याचदा समजण्यासारखा, पण सगळे मिळून जागा जाते आणि ती गेली हे कुणाच्याच कागदावर नसतं. म्हणून तुम्हाला माणूस सापडत नाहीये, तिथे एकच असा माणूस नाहीच बहुतेक.

तेव्हा तोंडी विचारणं बंद करा. कुलसचिवांच्या नावाने एक पानी पत्र द्या, पोच घ्या, आणि त्यात एवढंच विचारा की हा निर्णय कुठल्या विभागाने कुठल्या तारखेला घेतला, कारण काय नोंदवलंय, आणि विद्यार्थ्यांना बसायला दुसरी कुठली जागा ठरवली आहे. बऱ्याच देशांत सरकारी विद्यापीठांना माहिती अधिकाराचे कायदे लागू असतात, उत्तर आलंच नाही तर तो रस्ता आहे. पण बहुतेक वेळा साधं पत्र गेलं की विभागांना पहिल्यांदाच एकमेकांशी बोलावं लागतं आणि तिथेच अर्धं काम होतं.

कारण लेखी मागा असं मी एवढं का म्हणतेय, तर कारण बदलत जातं. बर्कलीचं उदाहरण घ्या, कॅलिफोर्निया विद्यापीठातलं. कॅम्पसच्या दक्षिण दारापाशी, बँक्रॉफ्ट आणि टेलिग्राफ हे रस्ते मिळतात तिथे, 26 फुटांची एक फरसबंद पट्टी होती. विद्यार्थी संघटना तिथे घडीची टेबलं मांडून पत्रकं वाटायच्या, वर्गणी गोळा करायच्या, वाद घालायच्या. ती पट्टी शहराच्या मालकीची आहे असाच सगळ्यांचा समज होता. मग लक्षात आलं की ती विद्यापीठाची आहे आणि 14 सप्टेंबर 1964 ला विद्यार्थी विभागाच्या डीन कॅथरीन टाउल यांचं पत्र निघालं की आता इथे टेबलं नकोत. सुरुवातीला कारण सांगितलं येण्याजाण्याला होणाऱ्या अडथळ्याचं, पण मुलांनी खोदून विचारल्यावर मुद्दा राजकीय प्रचाराचा आहे हे बाहेर आलं. अडथळ्याचा प्रश्न असता तर टेबलं चार फूट सरकवून सुटला असता ना. राजकारणाचं कारण निघाल्यावर तो सरकवण्याचा विषयच राहिला नाही.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असेल. 1 ऑक्टोबरला कॅम्पसवरच्या स्प्राउल प्लाझा या मोकळ्या पटांगणात टेबल मांडून बसलेल्या जॅक वाइनबर्ग यांना अटक झाली, त्यांना बसवलेल्या पोलिसांच्या गाडीभोवती मुलं बसली आणि ती गाडी 32 तास जागची हलली नाही. त्या गाडीच्या टपावर चढून एकामागून एक जण भाषण करत होता आणि आंदोलनाचे विद्यार्थी नेते मारिओ सावियो तर गाडीला ओरखडा पडू नये म्हणून बूट काढून वर चढले. डिसेंबरात स्प्राउल हॉल या प्रशासनाच्या इमारतीत ठिय्या झाला, सुमारे 800 जणांना अटक झाली. 8 डिसेंबरला प्राध्यापकांच्या सिनेटने 824 विरुद्ध 115 मतांनी ठरवलं की भाषणाच्या आशयावर विद्यापीठाने बंधन घालू नये, आणि जानेवारी 1965 मध्ये नवे हंगामी चॅन्सलर, म्हणजे कॅम्पसचे प्रमुख, मार्टिन मायरसन यांनी स्प्राउल हॉलच्या पायऱ्या ठराविक वेळेत खुल्या चर्चेसाठी दिल्या, टेबलांनाही परवानगी मिळाली. 1997 पासून त्या पायऱ्यांना सावियो यांचंच नाव आहे.

म्हणजे सरळ जाऊन बसा असं मी सांगतेय का? नाही. तिथे अटका झाल्या, खटले झाले, आणि ज्याची स्कॉलरशिप किंवा व्हिसा अडकलेला असतो त्याला 'बस रे काय होतंय' म्हणणं सोपं असतं, भोगायचं त्यालाच असतं. आधी कारण कागदावर आणा. वाट मोकळी हवी असं उत्तर आलं तर टेप घेऊन वाट मोजा आणि बाजूच्या अर्ध्या पायऱ्या मोकळ्या मागा. कारणच दिलं नाही तर ते पत्र घेऊन प्राध्यापकांकडे जा. बर्कलीत शेवटी पारडं फिरलं ते प्राध्यापकांच्या मतांनी, हे विसरू नका.

प्रश्न : मी प्रशासनात काम करतो. सगळे आम्हालाच खलनायक ठरवतात. होस्टेलशेजारच्या अंगणात रात्री दोनपर्यंत आरडाओरडा, परीक्षा चालू असलेल्या मुलांच्या तक्रारी, सकाळी बाटल्यांचा खच, आणि एकदा मारामारी. आम्ही बाकं काढायचं ठरवतोय. चूक काय त्यात? – एक सहायक कुलसचिव

तुमची अडचण खरी आहे. झोप न मिळालेलं पोरगं सकाळी पेपर लिहायला बसतं तेव्हा त्याचाही हक्क आहेच की, आणि तक्रार आली की फाईल तुमच्या टेबलावर येते, बाकांवर बसणाऱ्यांच्या नाही.

पण बाकं काढून काय होईल ते बघा. दुपारी डबा खाणारी, दोन लेक्चरच्या मधे वही उघडून बसणारी, नवीन आलेली आणि कुणाशी ओळख नसलेली मुलं आधी जातील, कारण त्यांना बसायलाच काही उरणार नाही. रात्री दोनला दंगा करणाऱ्यांना बाक लागत नाही, ते जमिनीवरही बसतात. म्हणजे ज्यांच्यामुळे जागा सुरक्षित होती ते गेले आणि ज्यांची तक्रार होती ते राहिले.

शहरातल्या मोकळ्या जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी 1970 च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या इमारतींसमोरच्या मोकळ्या चौकांचं कॅमेरे लावून निरीक्षण केलं होतं. त्यातून निघालेली मुख्य गोष्ट अगदी साधी आहे, लोक तिथे बसतात जिथे बसायला जागा असते. चौक किती मोठा, किती देखणा, याने फारसा फरक पडत नव्हता. या कामामुळे 1975 मध्ये त्या शहराचे नियम बदलले आणि चौकाच्या दर 30 चौरस फुटांमागे एक फूट बैठक द्यायचं ठरलं. आणि नको असलेल्या लोकांच्या भीतीने जागा रूक्ष केली तर बाकीचे सगळे जातात, म्हणून उपाय उलटा, जागा इतरांसाठी जास्त चांगली करा, असं त्यांचं म्हणणं होतं. तिथलं ब्रायंट पार्क एकेकाळी ड्रग्जच्या धंद्यासाठी बदनाम होतं. त्यांच्या सूचनांवरून दाट कुंपणझाडी काढली, आत यायचे रस्ते वाढवले, हलवता येणाऱ्या खुर्च्या ठेवल्या, आणि 1992 मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हापासून माणसांनी भरलेलं असतं. बाकं ठेवा, दिवे चांगले लावा, झुडपं कापून आतलं बाहेरून दिसेल असं करा, डस्टबिन वाढवा, रात्री अकरानंतर शांतता असा नियम करा आणि तो मोडणाऱ्या माणसाला दंड करा. जागेला शिक्षा कशाला?

आणि निर्णयाआधी तिथे जाऊन बसा. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा, फाईल न घेता. तक्रार करणारी पाच मुलं तुम्हाला माहीत आहेत, तिथे रोज बसणारी मुलं कोण आहेत हे कुठल्याच अर्जात येत नाही.

प्रश्न : आमच्याकडे जुना कट्टा पाडून झकास स्टुडंट सेंटर बांधलंय. एसी, सोफे, वायफाय, सगळं. पण कुणी जात नाही. मुलं कृतघ्न आहेत का? – एक प्राध्यापक

सर, मुलांना बोल लावू नका. आत जायला कार्ड लागतं का, खोली अॅपवर आधी बुक करावी लागते का, 'कार्यक्रमाचा उद्देश' असा रकाना भरावा लागतो का, ते बघा. लेक्चर संपल्यावर दहा मिनिटं कुणीतरी भेटेल म्हणून थांबणाऱ्या पोराचा उद्देश काय लिहायचा? कट्ट्याचं सगळं मोल यात असतं की तिथे परवानगी लागत नाही आणि कुणाला बोलावलेलंही नसतं, त्यामुळे फिजिक्सचा मुलगा नाटकवाल्यांच्या शेजारी येऊन बसतो आणि तिथून काहीतरी सुरू होतं. बुक केलेल्या खोलीत आधीच ओळखणारेच भेटतात.

दुसरं म्हणजे सोफे भिंतीला ठोकलेत का? व्हाइट यांच्या फिल्ममध्ये एक मजेदार गोष्ट दिसते. माणूस मोकळ्या खुर्चीपाशी येतो, तिला चार बोटं इकडे सरकवतो, कधी पुन्हा होती तिथेच आणतो, आणि मग बसतो. सरकवून फायदा काहीच होत नाही पण ती खुर्ची आता त्याची होते. तुमच्या सेंटरमधला एक हॉल पूर्ण मोकळा करा, दार उघडं ठेवा, हलक्या खुर्च्या टाका, रजिस्टर काढून टाका आणि एक सेमिस्टर बघा.

प्रश्न : मला राग येईल असं उत्तर देऊ नका. आमचा कट्टा म्हणजे एका ग्रुपचा अड्डा होता. मुली तिथून जाताना कॉमेंट ऐकायच्या, दुसऱ्या भागातून आलेल्या मुलांची नक्कल व्हायची. तो बंद झाला तेव्हा मला हायसं वाटलं. मी चुकीची आहे का? – पीएचडीची विद्यार्थिनी

अजिबात नाही. मोकळ्या जागांबद्दल बोलताना आम्ही लोक हा भाग टाळतो, तो टाळायला नको. 'सगळ्यांसाठी खुली' असं म्हणायचं आणि प्रत्यक्षात एकाच टोळीची, अशा जागा प्रत्येक कॅम्पसवर आहेत, आणि तिथला इतिहास लिहिताना आठवणी त्याच टोळीच्या छापल्या जातात.

फक्त एक विचारते. कॉमेंट मारणाऱ्यांवर काही कारवाई झाली का? झाली नसेल तर प्रशासनाने तुमचा त्रास ऐकून जागा बंद केली नाही, दुसऱ्याच कारणाने बंद केली आणि त्रास देणारे दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसले. छळाची तक्रार ही माणसाविरुद्धची तक्रार आहे, तिचं उत्तर 'कट्टा हटवला' हे असू शकत नाही. आणि एका मोठ्या कट्ट्याऐवजी लहान लहान चार-पाच जागा, एकमेकींपासून लांब, येण्याजाण्याच्या वाटेला लागून पण वाटेतच नाही अशा, हे मागून बघा. एक जागा एका ग्रुपला धरून ठेवता येते, पाच नाही येत. व्हीलचेअरवरून येणाऱ्यालाही पोचता येईल असं त्यातच लिहा, पायऱ्यांवरच्या कट्ट्यात तो कायम खालीच राहिलेला असतो.

प्रश्न : आमची जागा अजून आहे, पण तिथे नवी इमारत येणार असं ऐकतोय. आत्ता काय करता येईल? – दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी

आत्ताच करा, प्लॅन पास झाल्यावर काही हलत नाही. आठवडाभर दर तासाला तिथे किती जण बसलेत ते मोजा, फोटो काढा पण चेहरे नकोत, कोण काय करतंय ते लिहा, अभ्यास, गप्पा, तालीम, नुसतं बसणं. तो कागद कॅम्पसचं नियोजन करणाऱ्या समितीला द्या. कारण त्यांच्या नकाशात तुमची जागा 'मोकळा भूखंड' एवढीच दिसते, त्यांना खरंच माहीत नसतं. 1970 च्या दशकात ओरेगन विद्यापीठासाठी आर्किटेक्ट ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांनी नियोजनाची जी पद्धत मांडली तिच्यात हेच होतं, दरवर्षी कॅम्पसची तपासणी करून कुठल्या जागा जिवंत आहेत आणि कुठल्या मेल्यात ते नकाशावर दाखवायचं, आणि प्रत्येक बांधकामाच्या टीममध्ये ती जागा वापरणारे लोक घ्यायचे. तुमच्या समितीत विद्यार्थी आहे का विचारा, नसेल तर जागा मागायच्या आधी ती खुर्ची मागा. आणि इमारत होणारच असेल तर नवी बसायची जागा आधी तयार करा, मग जुनी घ्या, हे इतिवृत्तात लिहून घ्या, कारण बांधकाम दोन-तीन वर्षं चाललं की ज्यांना तो कट्टा माहीत होता ती बॅच पास होऊन निघून गेलेली असते आणि मागायला कुणी उरत नाही.