गोलियाडला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचाच

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये, सॅन अँटोनियोहून आग्नेयेला गाडीने दीड तासावर गोलियाड हे गाव आहे. थेट गावातल्या कोर्टहाउसच्या चौकात गाडी लावू नका; आधी नदी ओलांडून प्रेसिडिओ ला बाहिया हा स्पॅनिश किल्ला गाठा. सकाळीच जा, कारण आतलं पटांगण उघडं आहे आणि ऊन फार लागतं.

किल्ल्यातल्या चॅपलला भरपूर वेळ द्या. मार्च १८३६ मध्ये, मेक्सिकोपासून वेगळं होण्यासाठी टेक्सास लढत असताना, टेक्सासच्या बाजूची कर्नल फॅनिनची तुकडी मेक्सिकन सैन्याला शरण आली, तेव्हा कैद्यांना सुरुवातीला इथेच कोंबलं होतं. २७ मार्चला, पाम संडेच्या (ईस्टरआधीच्या रविवारच्या) दिवशी, त्यांना बाहेर नेऊन गोळ्या घातल्या. तीनशेहून अधिक माणसं गेली, म्हणजे त्याच युद्धात सॅन अँटोनियोतल्या अलामो या ठाण्याच्या बचावात पडली त्याहूनही जास्त. तरी लोक अलामो बघून परततात, याचं मला खरंच वाईट वाटतं. चॅपलमध्ये आजही मिस्सा (कॅथलिक प्रार्थनाविधी) होते, तेव्हा आत शांतता पाळा.

शेजारीच इग्नासिओ सारागोसाचं जन्मस्थान आहे. १८२९ साली इथे जन्मलेल्या या मेक्सिकन सेनापतीने ५ मे १८६२ रोजी मेक्सिकोतल्या प्वेब्लाला फ्रेंचांना हरवलं. 'सिंको दे मायो' (म्हणजे 'पाच मे') हा सण साजरा होतो तो याच विजयाचा. ही जागा चुकवू नका.

एस्पिरितू सांतो हे जुनं स्पॅनिश मिशन (धर्मप्रसाराचं केंद्र) गोलियाडच्या स्टेट पार्कात आहे. दिसते ती इमारत बरीचशी १९३० च्या दशकात पुन्हा उभारलेली, हे लक्षात ठेवून बघा. पार्क आणि किल्ल्याचं तिकीट वेगवेगळं काढावं लागतं. १८९४ चं कोर्टहाउस आणि त्यासमोरचा, पूर्वी ज्यावर फाशी देत तो ओक वृक्ष शेवटी ठेवा, त्याला अर्धा तास पुरतो.