जाड गादीचे बूट, जांभा आणि कोकणची दमट हवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात महिपतगड-सुमारगड-रसाळगड असा तीन दिवसांचा ट्रेक, पाठीवर बारा-तेरा किलो, गुडघे चाळिशी ओलांडलेले, आणि एरवी राजापूर-देवगडकडच्या सड्यांवर, म्हणजे जांभा दगडाच्या उघड्या पठारांवर, भटकंती. मग जाड गादीचे मऊ बूट घ्यावेत की टणक, जड, पण 'दहा वर्षं टिकणारे'?

आधी त्या दहा वर्षांचं बघू. मी चिपळूणचा. माझ्याकडे तसे बूट होते, चामड्याचे, चांगले वजनदार. महागाचे म्हणून जपायचो. वर्षातून दोन ट्रेक, मग पुसून, पॉलिश करून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात. सातव्या वर्षी सुमारगडाच्या वाटेवर उजव्या बुटाचा सोल टाचेकडून उघडला. आतला फोम चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा बोटांत आला. वरचं चामडं मात्र नवंकोरं! सुतळीने बांधून रसाळगडापर्यंत पाय ओढत आलो. डाव्या बुटाने झोलाईच्या देवळाजवळ राम म्हटला.

दोष जपण्यातच होता. अशा जड बुटांच्या मधल्या थरात बहुतेक वेळा पॉलियुरेथेन (एक प्रकारचा घट्ट फोम) असतं. ओझ्याखाली ते सहज दबत नाही, म्हणून टिकाऊ म्हणतात, आणि कोरड्या हवेत ते खरंही आहे. पण हवेतला ओलावा त्याची रासायनिक बांधणी हळूहळू तोडतो. बूट पायात असो वा कपाटात, हे चालूच राहतं. पिशवीत कोंडून ठेवलं की आतला दमटपणा आतच राहतो. आपल्याकडे चार महिने उशीला बुरशी येते, तिथे बुटाचं काय घेऊन बसलात? वर्षाला दोन ट्रेक करणाऱ्याने दहा वर्षांच्या हिशेबाने कोकणात बूट घेऊ नयेत, हे माझं ठाम मत.

दुसऱ्या बाजूला मऊ बूट. यांची गादी सहसा ईव्हीएची, म्हणजे बारीक बुडबुड्यांचा हलका फोम. दमट हवेचं त्याला फारसं काही वाटत नाही, पण रोज दाबलं की बुडबुडे चेपतात आणि पूर्ण फुगत नाहीत. पाठीवर ओझं असेल तर लवकरच. धावण्याच्या बुटांसाठी ५०० ते ८०० किलोमीटर असा ढोबळ आकडा सांगतात. ओझं आणि दगड धरले तर मी खालचाच आकडा धरतो. ओळखायचं कसं? बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका अंगाला कलली असेल किंवा गादीच्या कडेला आडव्या सुरकुत्या कायमच्या पडल्या असतील, तर वरून कितीही छान दिसो, गादी संपली.

पण सड्यावर गादी दबून मरण्याआधी कापली जाऊन मरते, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही. जांभ्याचा वरचा थर लोहाने कडक झालेला, भोकाभोकांचा, किसणीसारखा असतो. वजन वाचवायला पुष्कळ मऊ बुटांच्या तळाला रबराचे फक्त तुकडे लावतात, मधे फोम उघडा. असे बूट घाटावरच्या मातीच्या वाटेवर मजेत चालतात. राजापूरच्या सड्यावर दोन महिन्यांत मधला फोम कुरतडला जातो. म्हणून बूट हातात घेतला की आधी उलटा करा. टाचेपासून बोटांपर्यंत सलग रबर हवं, आणि पुढे बोटांवरही थोडं चढलेलं.

दुसरी गोष्ट उंचीची. गादी फार जाड झाली की पाऊल जमिनीपासून वर जातं आणि खालचा दगड कळेनासा होतो. सड्यावर गवताखाली खाचा झाकलेल्या असतात. तिथे जाड गादीचा बूट कलंडला की घोटा गेलाच. घोट्यापर्यंतचा बूट मला तिथे आवडतो तो मुरगळण्यापेक्षा फुरशासाठी, म्हणजे त्या विषारी सापासाठी. दगडांच्या आडोशाला ते आपल्याकडे भरपूर. (आणि कातळशिल्पं बघायला गेलात तर कोणतेही बूट घालून चित्रावर पाय ठेवू नका, कडेने फिरा.)

रबराचंही तेच त्रांगडं. कडक रबर झिजत नाही, पण शेवाळलेल्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, साबणासारखं सटकतं. मऊ रबर धरतं, पण जांभा ते खातो. मी पकड घेतो, झीज सोसतो. सोल परत घेता येतो, माकडहाड नाही.

तर तुमच्यासाठी: मध्यम जाडीची ईव्हीए गादी, खाली सलग रबर, घोट्यापर्यंत उंची, टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबला तर न दबणारा. बूट पुढून वाकावा, पण कपडा पिळावा तसा पिळता येऊ नये. सुमारगडाच्या शिडीवर आणि कातळाच्या टप्प्यावर अगदी लिबलिबीत बुटाचा भरवसा वाटत नाही. वॉटरप्रूफचे जादा पैसे डिसेंबरसाठी देऊ नका. पावसाळ्यातही पाणी वरून घोट्यातून शिरतं आणि आत अडकतं. त्यापेक्षा जाळीचा बूट लवकर सुकतो.

गुडघ्यांची काळजी सगळी गादीवर टाकू नका. उतरताना दोन काठ्या घ्या, आणि बारा-तेरा किलोतले तीन किलो घरी ठेवा. हा उपाय फुकटचा आहे.

रबराची कड वर आलेली असेल तर नवेपणीच मोच्याकडून नायलॉनच्या दोऱ्याने चारी बाजूंनी शिलाई मारून घ्या. डिंकाने सोडलं तरी दोरा घरी आणतो. निव्वळ फोमची कड असेल तर मात्र शिवू नका, दोरा फोम कापत जातो. समुद्रावर फिरून आलात की गोड्या पाण्याने धुवा. ओले बूट चुलीपुढे किंवा उन्हात बंद गाडीत ठेवू नका, त्यात डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवा, बोळे बदलत राहा.

आणि खरेदी दिवाळीआधी, संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून करा. दुकानात जिना असेल तर दोनदा उतरून बघा. बोटं पुढे टेकली तर अर्धा नंबर मोठा मागा. नाहीतर रसाळगड उतरेपर्यंत अंगठ्याचं नख काळं होतं आणि होळीपर्यंत तसंच राहतं.