बिशपांचा आक्षेप आणि विकलनाचा तास

प्रश्न : मी एका ख्रिस्ती महाविद्यालयात प्रथम वर्षाला गणित शिकवते. विषयाची सांगड मानव्यविद्यांशी आणि ख्रिस्ती श्रद्धेशी घालावी, अशी संस्थेची अपेक्षा आहे. त्रैक्यासाठी (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या ख्रिस्ती शिकवणीसाठी) समभुज त्रिकोणाचा दाखला देऊन पाहिला, पण तो मलाच ओढूनताणून आणलेला वाटला. वर्गात अन्य धर्मांचे विद्यार्थीही आहेत. मी काय करावे?

उत्तर : तो दाखला आपल्याला खटकला हे बरेच झाले, कारण त्यातून ना भूमिती कळते, ना त्रैक्य. गणित आणि श्रद्धा यांची खरोखर गाठ पडली, असे एक स्थळ आपल्याच अभ्यासक्रमात आहे. विकलन, म्हणजे राशी बदलण्याचा दर काढण्याची रीत, शिकवताना एक तास आयर्लंडमधील क्लॉइनचे बिशप जॉर्ज बर्कली यांच्या १७३४ सालच्या ‘द ॲनालिस्ट’ या पुस्तिकेसाठी राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सुचवीन.

फळ्यावर क्ष चा वर्ग घ्यावा. क्ष मध्ये ह इतकी वाढ केली की वर्गात २क्षह + ह² इतकी वाढ होते. तिला ह ने भागल्यावर २क्ष + ह उरते, आणि मग ह गाळून आपण २क्ष हे उत्तर लिहितो. बर्कलींनी नेमके इथेच बोट ठेवले : ह शून्य असेल तर त्याने भागता येत नाही, आणि शून्य नसेल तर तो गाळता येत नाही. उत्तरे बरोबर येतात हे त्यांना मान्य होते. त्यांचा आक्षेप तर्काला होता. धर्मातील गूढे बुद्धीला पटत नाहीत म्हणून ती नाकारणारे लोक गणितातील तितकीच गूढ गोष्ट निमूटपणे कशी स्वीकारतात, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. स्कॉटिश गणिती मॅक्लॉरिन यांनी १७४२ मध्ये सविस्तर उत्तर दिले, आणि फ्रेंच गणिती कोशी यांनी १८२१ मध्ये सीमेची, म्हणजे ह शून्याच्या हवे तितके जवळ नेल्यावर उत्तर ज्या संख्येकडे झुकते तिची, कल्पना पायाशी ठेवली. सीमेची जी व्याख्या विद्यार्थ्यांना एरवी निष्कारण किचकट वाटते, ती कोणत्या अडचणीतून जन्मली, हे त्यांना इथे दिसते.

नंतर त्यांच्याकडून एक पान लिहून घ्यावे : आक्षेप गणिताच्या दृष्टीने योग्य होता का, आणि त्यावरून बर्कलींनी श्रद्धेविषयी काढलेला निष्कर्ष खरोखर निघतो का? हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. पहिल्याला होकार आणि दुसऱ्याला नकार देणाऱ्या विद्यार्थ्याचे, मग तो कोणत्याही धर्माचा असो, गुण केवळ तेवढ्यासाठी कापू नयेत. त्याने कारणे कशी मांडली आहेत, तेवढेच तपासावे.